पाणी न घालता

अन्नाला विस्तव दाखवण्याच्या क्रियेसाठी मराठीत जेवढी क्रियापदे आहेत तेवढी प्रेमासाठीही नसावीत. शिजवणे, उकडणे, वाफवणे, भाजणे, शेकणे, परतणे, तळणे, होरपळणे. शिवाय 'खरपूस', 'करपट', 'कच्चट' अशी त्यांच्या मागेपुढे चालणारी विशेषणे. आम्ही दोघेही महाविद्यालयात मराठी शिकवतो आणि शब्दार्थछटांचा पाठ आला की ही यादी फळ्यावर लिहून देतो. मुलांना पहिली मोठी फूट कोठे पडते ते विचारले की स्वयंपाकघरात वावरणारी मुलगी चटकन सांगते, "पाण्यापाशी." पाण्यात ठेवले ते शिजते, पाण्यावाचून ठेवले ते भाजते. बाकीचे सारे पोटभेद.

आमच्या रायगड जिल्ह्यातील पोपटी मात्र या यादीत बसायला तयार नसते. पोपटी कोणी शिजवत नाही, भाजत नाही, पोपटी 'लावतात'. जसा दिवा लावतात, भात लावतात, कुकर लावतात. एकदा लावली की मग माणसाच्या हातात फारसे काही उरत नाही, हा अर्थ त्या क्रियापदात आहे असे आम्हांला वाटते. झाकण काढून बघण्याची, पळी फिरवण्याची, मीठ कमी वाटल्यास वरून भुरभुरण्याची सोय नाही. मडके उपडे आहे आणि त्याच्याभोवती जाळ आहे.

ज्या वाचकांनी पोपटी खाल्लेली नाही त्यांच्यासाठी थोडे तपशिलात जायला हवे. भाताची कापणी झाली की खाचरात जी ओल शिल्लक राहते तिच्यावर आमच्याकडे वाल पेरतात. त्याला वेगळे पाणी देत नाहीत; जमिनीतली ओल आणि पहाटेचे दव यांवर पीक उभे राहते. पौष-माघाच्या सुमारास शेंगा भरतात. त्याच सुमारास बांधावर, रस्त्याच्या कडेला भांबुर्डा माजलेला असतो. गुरे त्याच्याकडे पाहत नाहीत, एरवी माणसेही पाहत नाहीत. वास उग्र, ओवा आणि कापूर यांच्या मधला. या दोन गोष्टी एकाच वेळी तयार होतात म्हणून पोपटी आहे. पोपटीची खरी कीर्ती पेण, अलिबाग, रोहे या बाजूची. सह्याद्रीच्या पायथ्याशी आमच्या महाड-पोलादपुराकडे येईतो तिचा बडेजाव थोडा कमी होतो, थंडी मात्र वाढते आणि जाळाजवळ बसण्याचे सुखही.

वापरातले जुने मडके घ्यावे. नवे कधी दगा देते. तळाशी भांबुर्ड्याचा जाड थर. त्यावर मीठ आणि ओवा चोळलेल्या वालाच्या शेंगा. मग केळीच्या पानात बांधलेली कोंबडी, तिच्या आजूबाजूला अंडी, बटाटे, रताळी, असेल तर कोनफळ. पुन्हा शेंगा. आणि शेवटी मडक्याच्या तोंडात भांबुर्डा असा ठासून भरायचा की मडके उपडे केले तरी आतला दाणा हलू नये. जमिनीत उथळ खळगा करून त्यात ते उपडे ठेवायचे. भोवती पेंढा, काटक्या, गोवऱ्या रचून पेटवायचे. साधारण पाऊण तास. तेल नाही. पाणी नाही.

न्यू जर्सीत स्थायिक झालेली आमची एक माजी विद्यार्थिनी आहे, मूळची पोलादपूर तालुक्यातील. तिकडे नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी आभारदिन असतो आणि त्या दिवशी घरोघरी अख्खी टर्की भाजतात, हे आता आपल्याकडेही ठाऊक झाले आहे. या पक्ष्याच्या नावाचीही एक गंमत आहे. पक्षी मूळ अमेरिकेचा, इंग्रजांनी त्याला तुर्कस्तानचे नाव दिले, पोर्तुगीज त्याला 'पेरू' म्हणतात, आणि आपण 'पेरू' या नावाचे फळ खातो, जे पुन्हा पोर्तुगिजांच्याच हस्ते अमेरिकेहून आपल्या परसात आले. असो. मुलांच्या हट्टापायी विद्यार्थिनीनेही टर्की भाजायला सुरुवात केली आणि तिला तिथल्या सर्व गृहिणींना पडतो तोच प्रश्न पडला: मांस कोरडे होते, विशेषतः छातीचे. दूरध्वनीवर तिने विचारले, "सर, तिकडे पोपटीत पाण्याचा थेंब नसतो, तरी कोंबडी कोरडी का होत नाही?"

मराठीच्या अध्यापकांना असा प्रश्न विचारणे म्हणजे जरा अन्यायच. पण तो डोक्यातून जाईना. पुस्तके धुंडाळली, रसायनशास्त्राच्या सहकाऱ्यांना छळले, आणि जे हाती लागले ते मजेचे निघाले.

पहिली गोष्ट अशी की मांसाचा ओलावा बाहेरून घातलेल्या पाण्यावर अवलंबून नसतो. पातेलेभर पाण्यात खळखळून उकळलेली कोंबडीही चोथट लागू शकते, हा अनुभव सर्वांचा आहे. मांसात तीन-चतुर्थांशाच्या आसपास पाणी मुळातच असते. उष्णता वाढत जाते तशी स्नायूंतील प्रथिने आकसतात आणि ओला कपडा पिळावा तसे हे पाणी बाहेर पिळून काढतात. साठ-पासष्ट अंशांच्या पुढे हा पीळ घट्ट होत जातो. टर्कीच्या छातीत चरबी थोडी आणि स्नायूंना जोडणाऱ्या ऊतीही थोड्या, त्यामुळे पिळून गेलेल्या पाण्याची जागा घ्यायला तिथे काहीच नसते. मांडीचे उलटे आहे. तिथे जोडऊती भरपूर. त्या जास्त उष्णता आणि जास्त वेळ मागतात, पण मग विरघळून चिकट, मऊ रस होतात आणि तोंडाला तो ओलावाच वाटतो. अमेरिकेत पक्ष्याचे मांस आतपर्यंत ७४ अंश सेल्सियसला पोचले की खाण्यास सुरक्षित समजतात; मांडी मात्र ऐंशीच्या पुढे गेल्याशिवाय चांगली लागत नाही. एकाच पक्ष्याचे दोन अवयव दोन वेगवेगळ्या आचा मागतात आणि भट्टी एकच. पाच-सहा किलोंच्या पक्ष्याची मांडी होईपर्यंत छातीचा भुसा झालेला असतो. त्यातून भट्टीतली हवा कोरडी.

यावर जे उपाय आहेत ते आम्ही तिला कळवले, आणि ते कळवताना आमच्या लक्षात आले की त्यांतले बहुतेक आमच्या बांधावर आधीच चालू आहेत. मीठ आधी लावायचे. किलोला साधारण दोन चहाचे चमचे, आदल्या रात्री, कातडीखाली बोटे घालून. मीठ आधी रस बाहेर ओढते, मग तोच खारट रस मांस परत शोषते, आणि मिठाने सैल झालेली प्रथिने नंतर तेवढा पीळ घालत नाहीत. कोणी पक्षी मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवतात. लिटरला पन्नास-साठ ग्रॅम मीठ पुरे. त्याने मांस ओले होते खरे, पण चवही थोडी पाणचट होते असे आमचे मत. मधूनमधून भट्टी उघडून वरून रस ओतत राहण्याची तिकडे मोठी परंपरा आहे. त्याने मांसात काही शिरत नाही, भट्टी तेवढी थंड होते. तंगड्या वेगळ्या कापून आधी लावाव्यात, हा सर्वांत शहाणपणाचा उपाय, पण तो कोणी करत नाही, कारण मग टेबलावर अख्ख्या पक्ष्याची शोभा जाते. आणि ज्याला हे नको त्याने पहिला तास पक्षी उलटा ठेवावा, छाती खाली, म्हणजे तिच्यावर थेट धग कमी लागते. शेवटी बाहेर काढल्यावर अर्धा तास सुरी लावू नये. गरम मांस चिरले तर रस ताटात जातो.

उलटे ठेवणे हे ऐकून तिकडून हसू आले. मडक्याची लेक ती, तिला ते सांगायला नको होते.

उपड्या मडक्याचे शास्त्र तर याहून बारकाईचे. एक तर आमची गावठी कोंबडी लहान, तुकडे केलेली, चरबी आणि जोडऊती बाळगून असलेली. टर्कीच्या छातीचे दुखणे तिला नाही. दुसरे असे की मडक्याबाहेर जाळ कितीही भडकला तरी आत ओल शिल्लक आहे तोवर उष्णतामान शंभर अंशांच्या आसपासच घोटाळते. ती ओल येते शेंगांमधून, पाल्यामधून, केळीच्या पानामधून. तिची वाफ होते. वाफ वर जाऊ पाहते तर वर मडक्याचा बुडखा, तोही तापलेला. सुटायला वाट एकच, खालच्या तोंडातून, आणि तिथे ठासलेला ओला पाला. वाफ त्या पाल्याला सतत भिजवत राहते म्हणूनच भोवती एवढा जाळ असून तो पेट घेत नाही. कोंबडीचा रस आणि चरबी खाली ओघळते आणि मडके भरताना जी शेंग शेवटी गेली, म्हणजे उपडे केल्यावर जी कोंबडीच्या खाली आली, तिच्यात मुरते. सर्वांत आधी भरलेली शेंग बुडख्याजवळ राहून खरपूस होते. जाणती माणसे मडके ओतल्याबरोबर कोंबडीकडे न जाता कोणत्या शेंगा उचलतात ते पाहावे. अलीकडे केळीच्या पानाऐवजी चांदीच्या कागदासारखी ती चकचकीत गुंडाळी वापरतात. त्याने कोंबडी मऊ होते, पण शेंगांचा वाटा बुडतो. आमच्या मते हा सरळ अन्याय आहे.

पोपटीत पाण्याचा उपयोग एकाच ठिकाणी होतो, तोही बाहेरून. झाली की नाही हे पाहायला मडक्यावर पाण्याचे चार थेंब शिंपडतात. 'चर्र' असा आवाज होऊन ते जागच्या जागी उडाले की जाळ बाजूला सारायचा.

दक्षिण गुजरातेत वलसाडकडे हीच रीत 'उंबाडियुं' या नावाने आहे. पापडी, कंद, रताळी, तोच उपड्या मडक्याचा थाट. 'ऊंधियुं' या प्रसिद्ध पदार्थाच्या नावातच उपडे करणे आहे. आता ते कढईत तेलावर होते, पण नावाने मडक्याची आठवण राखली. ही सारी कोरड्या हंगामातली, शेतावरची, भांडी-कुंडी थोडी आणि पाणी दूर असताना सुचलेली युक्ती दिसते.

तेव्हा 'पोपटीत पाणी नसते' हे आमच्या विद्यार्थिनीचे वाक्य तपासून पाहता खरे नाही. पाणी आहे, पुष्कळ आहे. पावसाळ्यात खाचरात साचले, जमिनीत मुरले, वालाच्या मुळांनी उचलले आणि शेंगेत भरले. एवढेच, की ते कोणी घातलेले नाही. ते कोणाच्या हातचे पाणी नाही.

'हातचे पाणी' हे दोन शब्द महाडात राहून लिहिताना पेन जरा अडखळते.

जुन्या घरांतून 'खरकटे' या शब्दाचा जो अर्थ होता तो आता मुलांना समजावून सांगावा लागतो. त्यांना खरकटे म्हणजे जेवण झाल्यावरचे ताट. पण आमच्या आज्यांच्या लेखी तांदूळ खरकटे नव्हते, भात खरकटा होता. पिठाला पाणी लागले, आच लागली की ते खरकटे झाले. मग ते कोणाच्या हातचे, कोणी शिवलेले, हे सारे प्रश्न सुरू. दुधात भिजवलेल्या दशम्या मात्र प्रवासात चालत, कारण पाणी नाही. लाह्या, चुरमुरे, फुटाणे भडभुंज्याकडून आणून देवापुढेही ठेवता येत, कारण ते भाजलेले, पाण्यावाचून. आमचा फळ्यावरचा शिजवण्या-भाजण्याचा भेद हा असा नुसता व्याकरणाचा नाही. त्यावर कोण कोणाकडे काय खाईल हे ठरत होते. कोरड्याला ही जी सवलत होती तीही अर्थात स्पृश्यतेच्या कुंपणाच्या आतली. कुंपणाबाहेरच्या माणसाला ना पाण्याची मुभा होती ना लाहीची.

चवदार तळे आमच्या नेहमीच्या वाटेवर आहे. रोज दिसणारी गोष्ट डोळ्यांना दिसेनाशी होते, तसे त्याचेही होते. पण नावाकडे लक्ष गेले की थांबायला होते. ज्याच्या पाण्याला चव आहे ते तळे. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या विधिमंडळात संमत झाला, सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले. महाडच्या नगरपालिकेने १९२४ च्या जानेवारीत तसा ठरावही केला. आणि चव कागदावरच राहिली. १९ आणि २० मार्च १९२७ या दिवशी येथे कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली तेव्हा हजारो माणसांना पिण्यासाठी चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले होते. गावात भरलेले तळे होते आणि पाणी विकत. याच परिषदेत डॉ. आंबेडकरांनी आपल्या लोकांना मेलेल्या गुरांचे मांस आणि फेकलेले उष्टे घेऊ नका असे बजावले. म्हणजे पाण्याचा लढा आणि ताटाचा लढा एकाच मंडपात उभा राहिला होता. २० तारखेला ते सारे तळ्यावर गेले आणि पाणी प्याले.

त्यानंतर जे झाले त्यातला एक तपशील आम्हांला वर्गात सांगताना नेहमी जड जातो. परिषद संपली होती, बरेच लोक गावोगावी निघाले होते, मागे राहिलेले काहीजण मंडपात जेवत होते. वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी आवई उठली आणि जमाव चालून आला. त्याने माणसांना तर मारलेच, पण वाढलेले अन्नही मातीत मिसळले. अन्नाचे काय चुकले होते? पण ज्यांनी ते केले त्यांना अन्नाचे व्याकरण पक्के ठाऊक होते. पाण्यात शिजलेले, त्या हातांनी शिजवलेले, आणि आता ते पाणी तळ्याचेही असू शकत होते.

मग तळे शुद्ध करण्यात आले. गोमूत्र, शेण, दूध, दही यांनी भरलेली एकशे आठ मडकी तळ्यात रिकामी झाली. मडकेच. आमच्या पोपटीचे तेच मातीचे, कुंभाराच्या चाकावरचे.

त्याच वर्षी नाताळच्या दिवशी, २५ डिसेंबर १९२७ रोजी, महाडात दुसरी परिषद भरली. तिला जागा द्यायला कोणी हिंदू पुढे आला नाही. फत्तेखान नावाच्या गृहस्थांनी आपली जमीन दिली. त्या रात्री खड्डा खणून त्यात मनुस्मृती जाळली गेली. ठराव मांडणारे गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे स्वतः ब्राह्मण होते. तळ्यावर यायचे ते केवळ तहान भागवायला नव्हे, आम्हीही इतरांसारखी माणसे आहोत हे सांगायला, असे बाबासाहेबांनी त्या परिषदेत स्पष्ट केले होते. तळ्याचा कायदेशीर निकाल उच्च न्यायालयातून लागायला १७ मार्च १९३७ उजाडावा लागला.

जाळलेल्या त्या ग्रंथाच्या पाचव्या अध्यायात भांड्यांच्या शुद्धीचे नियम आहेत. धातूचे भांडे घासून, राखेने, पाण्याने शुद्ध होते. मातीच्या भांड्याला मात्र एकच उपाय सांगितला आहे: ते पुन्हा आगीत भाजणे. त्यालाही अपवाद आहेत, काही स्पर्श असे की त्यांनंतर भाजूनही भांडे शुद्ध होत नाही. हे वाचले तेव्हा आम्ही एकमेकांकडे पाहिले. दर हिवाळ्यात बांधाबांधावर मडकी पुन्हा आगीत जातात ती शुद्धीसाठी नव्हे, शेंगांसाठी.

यातून पोपटी ही समतेची पाकक्रिया आहे असा निष्कर्ष कोणी काढू नये. ती तशी कधीच नव्हती. पोलादपुराकडच्या एका विद्यार्थ्याच्या आजीने आम्हांला सांगितले होते, "आमची पोपटी आमच्या बांधाला, त्यांची त्यांच्या. वर गेल्यावर धूर तेवढा एकमेकांत जायचा." शेंगा मात्र तिने त्यांच्याच शेतात तोडलेल्या असत, मजुरीने. मराठवाड्यातील दलितांच्या खाद्यसंस्कृतीवर शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्ण ब्रह्म' हे पुस्तक २०१५ मध्ये लिहिले. असे पुस्तक आमच्या कोकणातल्या बांधांवरून लिहायला बसले तर या आजीचे हे एक वाक्य पहिल्या पानावर घ्यावे लागेल.

आणि आता? आमच्या विभागाची मुले दर हिवाळ्यात पोपटी लावतात. एका वर्षी तो दिवस २५ डिसेंबर ठरला. शेंगा अजून पुऱ्या भरल्या नव्हत्या, पण सकाळी क्रांतिस्तंभावर कार्यक्रम होता आणि सगळे एकत्र यायचेच होते. तयारीच्या वेळी मुलांनी दोन याद्या आणल्या. एक मडके मांसाहारी, एक शाकाहारी. यात वावगे काही नाही. कोंबडी न खाणारी पोपटीसुद्धा जुनी आहे आणि निव्वळ शेंगा, बटाटे, रताळी यांची पोपटी, भांबुर्डा ताजा असला तर, उत्तम होते. थोडी कोरडी होते. खाली ओघळायला चरबी नसते ना. दुसरी यादी वाचताना मात्र आम्हांला तिच्यात अशी तीन नावे दिसली ज्यांच्या डब्यातली सुकट आम्हांला वर्षभर ओळखीची होती.

आम्ही काही बोललो नाही. यादीवर आहार लिहिलेला असतो. त्याच्याखाली काय लिहिलेले असते ते वाचता येते, सिद्ध करता येत नाही. माणसाला कोंबडी नको असू शकते, उपवास असू शकतो, देवाचा वार असू शकतो. पूर्वी 'कोणाच्या हातचे' असे स्पष्ट विचारत, त्याचे उत्तर देता येई, त्याविरुद्ध तळ्यावर जाता येई. 'मी शाकाहारी' याला काय उत्तर देणार?

उत्तर एका मुलीने दिले, आणि ते तिला उत्तर म्हणून सुचले होते की सोय म्हणून, हे आम्ही विचारले नाही. त्या वर्षीच्या मुलांत खरी पोपटी लावता येणारी ती एकटीच. तळ्यावरच्या कार्यक्रमाहून ती सरळ आलेली, अंगावर अजून पांढरी साडी. पदर खोचून तिने आधी कोंबडीचे मडके भरले, पाला ठासला, उपडे केले. मग हात झाडले, धुतलेही, आणि दुसऱ्या मडक्याकडे वळली. एक मुलगा म्हणाला, "हे आम्ही भरतो." ती म्हणाली, "भर ना. पण पाला ढिला राहिला तर सगळं जळेल, मग मला बोलू नका." मुलाने दोन मुठी पाला भरला. तो हाताबरोबर बाहेर आला. पुन्हा भरला, पुन्हा आला. कोणीतरी हसले. शेवटी तिनेच ते भरले, तिच्या हातांनी, शेंगेला मीठ चोळण्यापासून तोंडाला बूच बसवण्यापर्यंत, आणि सगळ्यांच्या समोर.

पाऊण तासाने थेंब चर्रकन उडाले. दोन्ही मडकी दोन पानांवर ओतली गेली. अंधार पडला होता, वाफेत कोणाचा हात कोठे जातो हे नीट दिसत नव्हते. आमच्या लक्षात एवढेच आहे की दुसऱ्या यादीतल्या तिघांपैकी एकाने पोट ठीक नाही म्हणून नुसता चहा घेतला, दुसऱ्याने शेंगा खाल्ल्या, आणि तिसरा जरा वेळाने पहिल्या पानाकडे सरकून कोंबडीच्या खालच्या, रस मुरलेल्या शेंगा शोधत होता. "इकडच्या जास्त ओल्या आहेत," तो म्हणाला. तिने पान त्याच्याकडे सरकवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मडकी उचलायला शिपाई गेले. एकाला तडा गेला होता. दुसरे धड होते, पण काळेभोर. आत चरबी आणि धूर भिनून त्याची छिद्रे बुजलेली. अशा मडक्यातून पाणी झिरपत नाही, म्हणून ते गारही होत नाही. पोपटीला गेलेले मडके पुन्हा पाण्याला लावत नाहीत. ते आम्ही पुढच्या वर्षासाठी ठेवले, ग्रंथालयामागच्या पत्र्याखाली, उपडेच.